जनूभाऊंच्या पेटीतलं आइस्क्रीम

जनूभाऊ बर्फाच्या लादीला गाल लावून तिचं वय सांगायचे. पालघरच्या बर्फाच्या कारखान्यात सकाळी बाकीचे मुकाट्याने लाद्या उचलायचे, हे मात्र दाढीचे खुंट लादीवर टेकवून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "ही कालची हाय. आतून भुसभुशीत. बदलून दे." कारखान्यातला माणूस चिडायचा, पण लादी बदलायचा, कारण जनूभाऊंचं कधी चुकत नसे.

ते आमचे शेजारी. एकटेच राहायचे. धंदा मासळी पोचवण्याचा. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. तेव्हा सातपाटीचं पापलेट मुंबईला पाच हातांतून जायचं. बर्फ एकाचा, खोकी भरणार दुसरा, टेम्पो तिसऱ्याचा, रेल्वेत चढवणार चौथा, मुंबईत उतरवणार पाचवा. मासळी खराब झाली की पाचही जण एकमेकांकडे बोट दाखवणार. "बारभाईची शेती, काय लागेल हाती," म्हणत जनूभाऊंनी सगळं एकट्याच्या अंगावर घेतलं. बर्फ फोडण्यापासून पार्सलच्या डब्यात पेटीवर बसून मुंबईला जाण्यापर्यंत.

"पाच हात लागले का पापलेट बी इचारतो, माजा बाप कोन? आपल्याकडं तसा नाय. बाप एकच. मी."

एकदा पेटी एकट्याने उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली. फलाटावर आडवे पडले, तरी हमालाला पेटीला हात लावू देईनात. गाडी निघून गेली. जनूभाऊ पडल्यापडल्या मला म्हणाले, "पन पेटी दुसऱ्याच्या हातात गेली काय? नाय ना?" अशा माणसाशी काय वाद घालणार!

माझ्या बहिणीचं, सुमनताईचं लग्न बोईसरच्या हॉलमध्ये ठरलं, ते ऐन मे महिन्यात. व्याही कडक माळकरी, कांद्याच्या वासानेही नाक मुरडणारे. त्यांची मागणी एकच: पंगतीला आइस्क्रीम हवं, आणि ते पातळ झालेलं नको. आमचे अण्णा शाळामास्तर. त्यांची झोप उडाली. पालघरहून बोईसरला उन्हातून आइस्क्रीम न्यायचं कसं?

"मास्तर, मी हाय ना," जनूभाऊ म्हणाले. "माजी पेटी हाय. सागवानी, आतून पत्रा, मधी भाताचा तूस. दोन दिस बरफ हलत नाय."

"अहो, पण त्या पेटीला मासळीचा वास..."

जनूभाऊ दुखावले. पेटी त्यांनी तीनदा सोड्याने धुतली, लिंबं चोळली, उन्हात ठेवली. वर खात्री म्हणून सातपाटीच्या तीन कोळणींना बोलावून हुंगायला लावली. तिघींनी पेटीत डोकं घालून निकाल दिला, "काय्येक वास नाय!" अण्णांचं समाधान झालं. ज्यांचा जन्म मासळीत गेला त्यांना मासळीचा वास येणार कसा, हे आमच्या मास्तरांना सुचलं नाही, आणि मलाही नाही.

लग्नात आइस्क्रीम आलं ते दगडासारखं घट्ट. व्याह्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबले. बराच वेळ विचार करून म्हणाले, "हे कुठल्या फळाचं?"

"पिस्ता," अण्णा घाम पुसत म्हणाले.

शेजारी नवरदेवाचे काका बसले होते. त्यांनी एक चमचा घेतला आणि त्यांचा चेहराच पडला. तारापूरला नोकरीला असल्यापासून हे गृहस्थ घरच्यांच्या चोरून पापलेट खात, हे अख्ख्या बोईसरला ठाऊक होतं. त्यांनी वास बरोब्बर ओळखला होता, पण बोलणार कोणत्या तोंडाने? ज्यांना ओळखता येत होतं त्यांची तोंडं बंद, आणि बोलू शकणाऱ्यांना ओळखता येत नव्हतं. म्हणून आमचं लग्न निभावलं. वाट्या मात्र भरलेल्याच परत आल्या.

हॉलच्या मागे अण्णा जनूभाऊंवर तुटून पडले. "नाक कापलंत माझं!" जनूभाऊ पेटीशी मान खाली घालून उभे होते. मला अण्णांचा रागही समजत होता आणि जनूभाऊंचं फार वाईटही वाटत होतं.

एवढ्यात शालू सावरत सुमनताई आली. तिने पेटीतल्या डब्यातून वाटीभर आइस्क्रीम काढून घेतलं आणि उभ्याउभ्या संपवलं. आमची ही ताई मासळीच्या वासाने लहानपणी ओकायची.

"छान थंड आहे," ती म्हणाली. "जनूभाऊ, तुम्ही जेवलात का?"

जनूभाऊ पेटीची कडी उगाच लावू-काढू लागले. मग म्हणाले, "पोरी, बायको गेल्याला चौदा वरसां झाली. रोज गाडीनं जातो. माल पोचला काय, समदे इचारतात. जनू पोचला काय, जेवला काय, कोन नाय इचारीत. तुमी पत्रिकेचा पाकीट दिला, त्याच्यावर माजा नाव घातलेला. मला वाटला, घरचा माल हाय, दुसऱ्याच्या हाती कसा देऊ?"

अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढून जनूभाऊंच्या हातात दिलं, तोंड पुसायला. मग त्यांचा दंड धरून त्यांना आत नेलं आणि घरच्या पंगतीत आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं.