न प्यालेल्या शिवदासची झिंग

"ज्याच्या नजरेतून एक स्क्रू सुटत नाही, त्याच्या नजरेतून गुन्हेगार तो काय सुटणार!" हे वाक्य केशवरावांनी स्वहस्ते पुठ्ठ्यावर रेखाटून, बहरीनमधल्या मआमीरजवळच्या एका बांधकाम कंपनीच्या गोदामात, आपल्या खुर्चीमागे टांगले होते. त्याखाली लाल शाईने 'केशवराव, स्टोअरकीपर व आंतरराष्ट्रीय गुप्तशोधक' अशी अक्षरे विराजमान होती. आंतरराष्ट्रीय अशासाठी, की पहिले प्रकरण त्यांनी सांगलीत अर्धवट सोडले होते आणि नंतरची सर्व बहरीनमध्ये.

त्यांचा सहायक प्रज्योत हा वास्तविक कंपनीचा ड्राफ्ट्समन. अक्षर सुवाच्य आणि स्वभाव भिडस्त, या दोन दुर्गुणांपायी तो या पदावर येऊन पडला होता. चहाच्या सुट्टीत केशवराव बोलत आणि प्रज्योत वहीत टिपून घेई.

सन १९९४ च्या जुलैतला तो सोमवार. सकाळी साडेनऊलाच छपराचे पत्रे तापून करकरत होते. अशा समयी कंपनीचा ड्रायव्हर शिवदास, जन्माने मालवणकडचा, हातात एक कागद नाचवीत गोदामात शिरला. त्याचा चेहरा कोकमासारखा लाल झाला होता.

"केशवराव, माका वाचवा! येत्या गुरुवारच्या विमानान माका घराक धाडतत! मी म्हणे दारू पियान गाडी चालवलंय!"

"शांत व्हा," केशवराव उठून उभे राहिले. "आपण मद्य प्यालात काय?"

"दारवेक मी हात लावूक नाय ओ! माझो बापूस त्याच पायी गेलो. आवशीच्या पायाक हात लावून शपथ घेतलंय, तेव्हा मालून माझ्याशी लगीन केल्यान. आता दारू पियान घराक धाडलो म्हणान कळला तर मालू माका उंबऱ्याच्या आत घेतली काय? खरा काय झाला ता सांगतंय. त्या ट्रंकेत..."

"थांबा!" केशवरावांनी तळहात उभा केला. "तपासापूर्वी आरोपीने बोलू नये. त्याने तर्काला बाधा येते. प्रज्योत, कागद!"

प्रज्योतने कागद वाचला. व्हिटलॉक साहेब, म्हणजे कंपनीचे इंग्रज मॅनेजर, यांचे ते नोकरीवरून काढल्याचे पत्र होते. सोबत पुरावा म्हणून अमेरिकन इंजिनियर डगन साहेबांचा मेमो जोडलेला होता. समुद्रावरचा पूल ओलांडून सौदीतल्या धहरानच्या कामावर जाण्यापूर्वी त्यांनी तो सकाळीच खरडला होता. त्यात दोनच वाक्ये होती: 'शिवदास वॉज पिस्ड धिस मॉर्निंग. आय डोन्ट ब्लेम हिम.'

"पिस्ड!" केशवरावांनी डोळे मिटले. "सहा वर्षे मी इंग्रज साहेबाच्या हाताखाली काढली आहेत. पिस्ड म्हणजे तर्र. टुन्न. आता पुढील वाक्य पाहा. मी याला दोष देत नाही! अर्थात दोषी कोणी तिसराच आहे. शिवदास प्यालेला नाही, प्रज्योत. शिवदासला पाजण्यात आले आहे!"

"पण केशवराव, डगन साहेबांनाच विचारलं तर?"

"विचारून कळले, तर तर्क कशाला हवा?" केशवराव करुणेने हसले.

मग त्यांनी शिवदासच्या मुखाचा वास घेतला, दोन पावले मागे सरले आणि उद्गारले, "कोकम!" त्यांचा पहिला सिद्धान्त असा, की शिवदासची सोलकढीची बाटली गाडीत उन्हात राहून आंबली आणि तिचे मद्यात रूपांतर झाले. विज्ञानाच्या सेवेसाठी प्रज्योतला ती उरलेली सोलकढी प्यावी लागली. त्याला झिंग चढली नाही. परंतु पुढील अर्ध्या तासात त्याला तीनदा जावे लागले, आणि केशवरावांनी तीही नोंद करविली.

दुसरा सिद्धान्त अत्तराचा. डगन साहेब दाढीनंतर जे सुगंधी पाणी चोपडतात, ते बंद काचांच्या गाडीत ड्रायव्हरच्या नाकावाटे मेंदूत शिरते. हे खोडण्यास प्रज्योतला एकच वाक्य लागले. "तसं असतं तर डगन साहेब रोजच टुन्न असते."

"असतील!" केशवराव गंभीरपणे म्हणाले. "लिहून ठेव."

"अहो, माका बोलूक द्या," शिवदास काकुळतीला आला. "तो साहेब माका म्हणालो, की बूट..."

"आरोपी, शांतता!"

तिसरा सिद्धान्त मात्र महाग पडला. चहा करणाऱ्या हमीदने कपात खोकल्याचे औषध मिसळले, असे केशवरावांनी ऑफिसच्या मधोमध, सर्वांदेखत, बोट रोखून जाहीर केले. हमीदने किटली खाली ठेवली, ॲप्रन सोडला आणि म्हणाला, "हमारे चाय में दवाई? खलास! आज से चाय मफी!" मफी म्हणजे नाही, हे त्या ऑफिसात कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. अठरा कर्मचारी रिकामे कप घेऊन केशवरावांकडे पाहू लागले. गुन्हेगाराकडे पाहावे तसे.

तो गलका ऐकून टेलिफोन बोर्डावरच्या जुबैदाने कानावरचे यंत्र काढले. ही बहरीनी बाई आठ वर्षे साऱ्या साहेबांचे फोन जोडीत आली होती, आणि हिंदी आपल्या धाटणीने बोले. "क्या हुआ? कौन मर गया?"

प्रज्योतने मेमो तिच्यापुढे धरला. तिने तो वाचला. मग शिवदासकडे पाहिले. मग केशवरावांकडे जरा जास्त वेळ पाहिले.

"ये डगन ने लिखा ना? तो दारू किधर से आया? अमरीकी पिस्ड बोले तो गुस्सा! इंग्लिश पिस्ड बोले तो दारू! डगन नया आया तब फोन पर बोला, जुबैदा, लाइन कट गया, आय ॲम पिस्ड. मैंने बिचारे के लिए लिंबू-पानी भेजा. रोज भेजा, पूरा हफ्ता! फिर वो खुद समझाया."

प्रज्योतच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "केशवराव! विलायती पिस्ड म्हणजे प्यालेला, आणि अमेरिकन पिस्ड म्हणजे पिसाळलेला!"

जुबैदाने तोवर धहरानला डगन साहेबांना फोन लावून तो व्हिटलॉक साहेबांच्या केबिनला जोडलाही. काचेपलीकडे साहेब प्रथम ताठ बसले, मग पांढरे झाले, मग गुलाबी, आणि शेवटी टेबलावर डोके टेकून हसू लागले. विमानाचे तिकीट त्यांनी स्वतः फाडले.

"आता तरी बोला, शिवदासभाऊ," प्रज्योत म्हणाला. "तुम्ही पिसाळलात कशाला?"

"सकाळपासून ताच सांगतंय!" शिवदासचा बांध फुटला. "काल सायटीवरसून येताना डगन साहेब माका म्हणालो, माझे बूट ट्रंकेत ठेव. साहेबाचो हुकूम! मी खोलयेर गेलंय, खाटेखालची माझी ट्रंक काढलंय आणि ठेवलंय. मालूसाठी घेतलेल्या नव्या साडयेर ते चिखलाचे बूट! आणि सकाळी तो माकाच इचारता, बूट खंय? म्हणता, ट्रंक म्हणजे गाडयेची डिकी! डिकयेक ट्रंक म्हणतत, मगे ट्रंकेक काय म्हणतत? त्याचा डोक्या?"

सारे ऑफिस हसता हसता खाली बसले. हमीदनेसुद्धा हसून किटली उचलली. "चिखल धुवून जाईल," प्रज्योत म्हणाला, आणि शिवदासने प्रथमच डोळे पुसले.

तेवढ्यात व्हिटलॉक साहेबांचा नवा मेमो आला. केशवरावांनी तो सर्वांआधी झडप घालून घेतला, आणि त्यांचा आवाज खर्जात उतरला. "प्रज्योत, वही काढ. हे प्रकरण आता कुठे आरंभले आहे. साहेब लिहितात, 'शिवदास वॉज ओन्ली क्रॉस.' क्रॉस म्हणजे ओलांडणे! याचा अर्थ उघड आहे. आज सकाळी शिवदास पूल ओलांडून सौदीत पसार झाला आहे!"

शिवदास त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभा होता.

"केशवराव," जुबैदा यंत्र कानाला लावीत म्हणाली, "क्रॉस बोले तो भी गुस्सा. वो इंग्लिशवाला."

"बाई, तर्कात लुडबूड नको. या इसमास पळताना कोणी पाहिले?"

शिवदासने सावकाश वाकून पायातली चप्पल हातात घेतली. केशवराव तर्क तिथेच टाकून गोदामाच्या दिशेने धावले, आणि 'आंतरराष्ट्रीय' असे लिहिलेला पुठ्ठा आत काहीतरी धडकल्याने खाली पडल्याचा आवाज आला.

प्रज्योतने वही उघडली आणि सुवाच्य अक्षरात नोंद केली: शिवदास, सोमवार, सकाळी साडेअकरा, पिस्ड. क्षणभर त्याने विचार केला, आणि पुन्हा कोणाचे तिकीट निघू नये म्हणून पुढे देशाचे नाव लिहिले: अमेरिका.