बोअरच्या पाण्याचा खटला

चैत्र सरत आला असता, एका रविवारी सकाळी, छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील आपल्या घराच्या ओट्यावर बद्रीनाथरावांनी दोन झाकलेल्या बादल्या विधिपूर्वक मांडल्या. लाल बादलीत बोअरचे पाणी होते आणि निळीत तेच पाणी क्षार घालवून मऊ करणाऱ्या यंत्रातून काढलेले. ते यंत्र विक्रेत्या प्रणयने काही दिवस वापरून पाहण्यासाठी बसवून दिले होते. ठेवायचे की परत धाडायचे, याचा निकाल आज लागायचा होता.

निकड मोठी होती. लेक तनुजाने पुण्याहून बजावले होते, "बाबा, मागच्या खेपेला तुमच्या पाण्यानं बाळाचं अंग खरखरीत झालं. पाण्याचं काहीतरी करा, मगच मी येईन." नातीसाठी त्यांचा जीव तुटत होता, परंतु पुराव्यावाचून काही पत्करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. शिवाय ते यंत्र मिठाच्या पाण्याने स्वतःलाच धुऊन घेई आणि ते पाणी गटारात सोडून देई. ज्या शहरात नळ पाहुण्यासारखा उगवतो, तिथे हा त्यांना अधर्म वाटे.

"घ्या की एकदाचं," त्यांच्या पत्नी सारजाबाई म्हणाल्या. "डाळ शिजंना, साबणाला फेस येईना."

"तुझं मत म्हंजे पुरावा नाय."

"रोज ताटात वाढते की पुरावा!"

बद्रीनाथराव पंच आणायला शेजारी गेले. तात्यासाहेब इतिहासाचे निवृत्त शिक्षक. चहावाचून सोडतील तर शपथ. गल्लीत एकाएकी घरोघरच्या पाण्याच्या मोटारी घुमू लागल्या, पण दौलताबादच्या किल्ल्यावर पाणी कसे चढवत, यावर दोघांचे असे जुंपले होते की ते कोणाच्याच कानी गेले नाही.

परतल्यावर, प्रणयही येऊन पोचताच, परीक्षा झाली. दोन्ही पातेल्यांतली डाळ लोण्यासारखी शिजली. दोन्ही पाण्यांत साबणाने सारखाच फेस धरला.

प्रणय गडबडला. "काका, असं होऊच शकत नाय! हे बोअरचंच पाणी हाय ना?"

"माझ्या हातानं भरलंय."

"यंत्र निरुपयोगी, बोअर निर्दोष," तात्यासाहेबांनी जाहीर केले. प्रणय यंत्र काढून घेऊन गेला, आणि बद्रीनाथरावांनी फोन लावला, "बिनघोर ये. पंचांसमक्ष तपासलंय पाणी."

तनुजा आली. पहिल्याच आंघोळीला साबण फुटल्या दुधासारखा पाण्यावर तरंगला, आणि नातीने घर डोक्यावर घेतले.

"बाबा, हेच का तपासलेलं पाणी?"

बद्रीनाथरावांनी पत्नीला हाक मारली. "लाल बादलीत बोअरचंच पाणी होतं ना त्या दिवशी?"

"व्हय, होतं. मग नळ आला."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? नळ आल्यावर बोअरच्या पाण्यानं भांडी कुणी अडकून ठिवतं व्हय? दोन्ही बादल्या झाडांना वतल्या, नळाच्या पाण्यानं भरल्या, होत्या तशा झाकल्या."

"अगं, मला सांगायचं तरी!"

"कवा सांगणार? मी मागं धुणं उरकत होते. येऊन बघते तर निकालबी लागला अन् मशीनबी गेलं. आन् माझं मत म्हंजे पुरावा नाय, म्हणला होता तुम्ही."

बद्रीनाथराव ओट्यावर बसून राहिले. बादल्यांचे रंग, झाकणे, पंच, सारे काही त्यांनी योजले होते. घरातल्या एकमेव जाणत्या साक्षीदाराला बोलावणे तेवढे राहिले होते. तोवर सारजाबाईंनी नातीसाठी राखलेल्या पिंपातले नळाचे पाणी ऊन करून तिच्या अंगावर घातले. रडणे थांबले.

"पण ते यंत्र पाणी लई वाया घालवतं," ते क्षीण स्वरात म्हणाले.

"खाऱ्या पाण्यानं मोरी धुऊ, संडासात वतू," नातीला पंच्यात गुंडाळत सारजाबाई म्हणाल्या. "मशीन घ्यायचं."