मोहनरावांच्या नावाचा किडा

"आबा, मला सापडलेल्या नव्या किड्याला तुमचंच नाव देणार!" प्रियदर्शनीनं सासऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं, आणि तिथंच सगळं फसलं!

किडा म्हणजे सुरमईच्या कल्ल्यांना चिकटून राहणारा चपटा जंत. अंबाजोगाईच्या कॉलेजात ती यावरच पीएच.डी. करत होती, मासे रत्नागिरीहून बर्फात यायचे. या जंताचे माशाला धरायचे चिमटे जगावेगळे वाकडे होते. म्हणजे नवीच जात! फक्त पुण्याहून डीएनएचा निकाल यायचा राहिला होता.

खरं तर तिनं थांबायला हवं होतं. पण "सुनंला कावून शिकवायलाव?" असं सासरचं सारं नांदूरघाट गाव विचारत होतं, तेव्हा तिच्या बाजूनं मोहनराव आबाच तेवढे उभे राहिले होते. त्यांचं नाव कुठंतरी कायमचं लागावं, असं तिला फार वाटायचं.

आबा माजी सरपंच. त्यांना कुठला धीर! चौकात फ्लेक्स झळकला. एका बाजूला फेटा बांधलेले आबा, दुसऱ्या बाजूला तेवढाच मोठा जंत! त्यात पंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली.

"आबा, औंदा दोडका निशाणी मिळाली व्हय?" त्रिंबक पानवाल्यानं विचारलं.

"दोडका न्हाई बे, किडा हाय! माझ्या नावाचा!"

"करतो काय त्यो?"

आबांनी स्पीकर चालू करून सुनेला फोन लावला. तिला काय कल्पना!

"विशेष काही नाही, आबा. माशाला चिकटतो अन् बसल्या जागी त्याचं रक्त पितो!"

चौक हसून लोळायचा बाकी राहिला. आबा तरी ताठच!

अन् निकाल आला. जंत जुनाच! प्रियदर्शनी तडक गावी आली.

"आबा, डीएनए सगळा जुळला. मीच काचेखाली लई दाबला, म्हणून चिमटे वाकडे दिसले," ती रडवेली होऊन म्हणाली.

"म्हंजी दिसायला येगळा, पर भावकी तीच?"

"हो. जपानच्या एका प्राध्यापकांनी शोधलाय. माझ्या जन्माच्या आधीच."

"मंग तुजी काय चूक? आधी जन्मली असतीस तर तूच शोधला असतास! रडू नको. त्या पाव्हण्याचा फोटू हाय का? दुसऱ्याचा मान आपुन न्हाई घेत."

तिला आणखीच रडू आलं, पण आता ते वेगळं होतं.

सकाळी चौकात नवा फ्लेक्स! आबांच्या जागी जपानी प्राध्यापक, कंप्युटरवर फेटा चढवलेले. खाली फ्लेक्सवाल्यानं हाताच्या सवयीनं छापून टाकलं होतं, 'भावी सरपंच'.

त्रिंबकनं बराच वेळ न्याहाळलं.

"मानूस चांगला दिसतोय, आबा. पर निवडून आल्यावर गावात सापडंल का?"