वळली ती हरली

कोशिंबिरीवर घालायला ओत्तावियाने फडताळात हात घातला, तर व्हिनेगरची बाटली जागेवर नव्हती. चुलीशेजारची रद्दी नव्हती आणि नवराही नव्हता. तिन्ही गोष्टी तिला गावाच्या वळणावर एकत्र सापडल्या. पर्यटन केंद्राला नुकतीच बसवलेली, जमिनीपासून छतापर्यंतची काच, तिच्यातल्या काचेच्या दारासकट, अनसेल्मो शिडीवर चढून व्हिनेगरने पुसत होता. घरातल्या खिडक्यांना या माणसाने लग्नानंतर कधी बोट लावलं नव्हतं.

"हे काय चाललंय?"

"उद्या गाई उतरणार."

"म्हणून काच पुसायची? गाईंनी सांगितलंय का तसं?"

अनसेल्मो खाली उतरला, दोन पावलं मागे सरला आणि काचेत स्वतःला बघून खूश झाला. "बारोन इथून जाईल ना, तेव्हा लोकांना ती दोनदा दिसेल. एकदा रस्त्यात, एकदा काचेत. जन्मात एकदा घरात राणी आलीये, ओत्ताविया. दोनदा दिसली तर कुणाचं काय बिघडलं?"

ओत्तावियाने बाटली उचलून उजेडात धरली. तळाला थेंबभर उरलं होतं. "कोशिंबिरीचं बिघडलं," असं म्हणून ती घरी गेली.

तिने याहून जास्त बोलायला हवं होतं, पण त्या उन्हाळ्यात अनसेल्मोला बोलण्यात अर्थ नव्हता. इटलीतल्या या आओस्ताच्या खोऱ्यात माणसाला गाडी, घर, बायको कशीही मिळाली तरी तो निभावून नेतो. पण गाय राणी निघाली नाही तर त्याच्या जिवाला चैन नसते. जूनमध्ये गावातल्या सगळ्यांच्या गाई वरच्या कुरणात जातात, आणि गेल्या गेल्या आपसांत शिंगं भिडवून पहिला मान कुणाचा ते ठरवून टाकतात. माणसाने त्यात हात घालायचा नाही. जी तोंड फिरवून चालू लागते ती हरली. शेवटी जिच्यासमोर कुणी उभं राहत नाही ती शिंगांची राणी. सप्टेंबरअखेर कळप खाली येतो तेव्हा तिच्या डोक्यावर लाल फितींचा तुरा असतो, ती सगळ्यांत पुढे चालते आणि चौकातल्या हौदाचं पाणी सगळ्यांत आधी पिते. ते पाणी प्यायलं की मोठी घंटा तिच्या मालकाला मिळते. सगळ्यांत जास्त दूध देणारीलाही पांढरा तुरा मिळतो. तिच्यासाठीही लोक टाळ्या वाजवतात, पण बसल्या जागेवरून.

अनसेल्मोच्या वडिलांनी आयुष्यभर गाई पाळल्या आणि ते शेवटपर्यंत शेवटच्या रांगेत चालले. अनसेल्मो शाळेची बस चालवायचा आणि जोडीला एक गाय ठेवायचा. आधीची गाय भांडण दिसलं की बसून घ्यायची. तिच्या आधीची सगळ्यांशी मैत्री करायची. मग बारोन आली. काळीभोर, बुटकी, बघणाऱ्याकडे कपाळातून बघणारी. जूनमध्ये तिने एकेकीला वाटेला लावलं, आणि शेवटी जिला वाटेला लावलं ती पेर्ल होती. पेर्ल ओत्तावियाच्या भावाची, म्हणजे फिर्मिनोची. फिर्मिनोच्या जेवणघरात राण्यांच्या चार घंटा टांगलेल्या होत्या आणि तो दर नाताळला मेव्हण्याला बरोबर त्या भिंतीसमोरच्या खुर्चीत बसवायचा. पाचव्या घंटेचा खिळासुद्धा त्याने ठोकून ठेवला होता.

रविवारी सकाळी डोंगरावरून घंटांचा आवाज यायला लागला तेव्हा वळणावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. तुरिनहून, मिलानहून, पार जर्मनीहून माणसं आली होती. सगळ्यांत पुढे बारोन, डोक्यावर ओत्तावियाने तीन आठवडे खपून बांधलेला लाल तुरा. तिच्या शेजारी इस्त्रीच्या काळ्या जाकिटात अनसेल्मो. मागे पेर्ल आणि फिर्मिनो, आणि त्यांच्यामागे अख्खा कळप. अनसेल्मोचे डोळे भरून आले होते. बाबांनी हे बघायला हवं होतं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

पर्यटन केंद्रासमोर बारोन थांबली.

काचेच्या दारात एक गाय उभी होती. काळीभोर, बुटकी, डोक्यावर लाल तुरा. बारोनने मान खाली घातली. त्या गाईनेही घातली. बारोनने खुराने रस्ता खरवडला. ती बया तेही करायला मागे राहिली नाही. सबंध उन्हाळ्यात बारोनला असा उद्धटपणा कुणी दाखवला नव्हता.

"चल गं बाई," अनसेल्मो हळूच म्हणाला. बारोनने कान हलवला नाही.

"काय झालं?" मागून फिर्मिनोने विचारलं, आणि पुढे येऊन बघितल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की तोही व्हिनेगरने पुसल्यासारखा वाटावा. "अरे वा. लढत लागलीये की."

"लढत कसली? काच आहे ती."

"ते तुला माहीत. तिला कुठं माहीत? ओढून ने बघू."

अनसेल्मोने दोराला हात घातला आणि सोडून दिला. दोर ओढला तर बारोनचं तोंड फिरणार. तोंड फिरलं तर?

"तोंड फिरवलं तर हरली," फिर्मिनो गोड आवाजात म्हणाला. "मी नाही म्हणत हो. रीतच तशी आहे. बाजील काकांना विचार हवं तर."

बाजील काका म्हणजे वरच्या कुरणाचे कारभारी. गाईंच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, आणि तो बाहेर पडायला वेळ लागायचा. त्यांनी काचेकडे पाहिलं, बारोनकडे पाहिलं, पाइप पेटवला. "समोर गाय असो नाहीतर गाईची सावली असो," ते म्हणाले, "वळली ती हरली."

"पण काका, ती समोरची कशी वळेल? ही वळल्याशिवाय ती वळणार नाही."

"ते खरं आहे," काकांनी मान डोलावली. "अवघड गाय आहे."

मागे कळप तटला होता. वळणाच्या वर पर्यटकांच्या बसचा भोंगा वाजत होता. चालक जीव तोडून वाजवत होता. एका जर्मन बाईने विचारलं, हे दरवर्षी होतं का? कुणीतरी तिला हो म्हणून सांगितलं.

अनसेल्मोने जाकीट काढलं. "मी काचेवर टाकतो हे."

"हात घालायचा नाही," फिर्मिनो म्हणाला. "लढत चालू असताना माणसाने मध्ये पडायचं नाही."

बाजील काकांनी पुन्हा मान डोलावली. अनसेल्मोने जाकीट परत घातलं.

काचेच्या पलीकडे, टेबलामागे, नोएमी उभी होती. ही मुलगी मे महिन्यात तुरिनहून या केंद्रावर नोकरीला आली होती आणि गाय तिने आजवर चीजच्या वेष्टनावरच पाहिली होती. तिने दार किलकिलं केलं. "ही माझ्याकडे का बघतेय?"

"तुझ्याकडे नाही, स्वतःकडे बघतेय," अनसेल्मो म्हणाला. "दार लाव."

"काच नवी आहे हो. तुम्हीच पंचायतीत भांडून लावून घेतलीत."

"माहितीये."

"आणि कालपर्यंत इतकी चमकत नव्हती."

"तेही माहितीये. लाव दार."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. अनसेल्मोची गाय रिकामी नव्हती, एवढाच काय तो फरक. त्याने मीठ दाखवलं, पाव दाखवला, शेवटी तिच्या कानात काहीतरी विनवण्या केल्या. बारोनला मीठ नको होतं. तिला ती समोरची हवी होती.

"बरं, मग असं करू," फिर्मिनो म्हणाला आणि त्याने पेर्लचा दोर गुंडाळून हातात घेतला. "तुमचं चालू द्या. माझी गाय तहानलीये. आम्ही पुढं होतो. हौदावर जी आधी पिईल ती पिईल. हो ना काका?"

काकांनी बराच वेळ धूर सोडला. "राणी कामात असेल तर बाकीच्यांनी तहानलेलं राहावं अशी रीत नाही," ते म्हणाले.

बारोनची पाठ आणि रस्त्यापलीकडची भिंत यांच्यामधून पेर्ल अंग चोरून निघाली. अनसेल्मो बघत राहिला. रस्ता इथून चर्चला वळसा घालून चौकात जातो. पेर्ल निवांत चालली तरी पोचणार होती. त्याला आपल्या बाबांची शेवटची रांग आठवली, नाताळची खुर्ची आठवली आणि तो रिकामा खिळा आठवला.

"ओत्ताविया," तो म्हणाला, "मी काच पुसायला नको होती."

"नको होतीस," ओत्ताविया म्हणाली. तिने बाह्या वर केल्या, बारोनच्या शिंगांना वळसा घालून ती काचेपाशी गेली आणि टकटक केलं. "नोएमी, पोरी. दार उघड. पूर्ण उघड, आतल्या बाजूला."

"गाय आहे ना समोर."

"म्हणूनच."

"हे चालतं का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"रविवारी दहाला केंद्र उघडतं," ओत्ताविया म्हणाली. "दहा वाजून गेले. सरकारी दार उघडलं तर त्यात गाईच्या लढतीचा काय संबंध? बोला काका."

काकांनी चर्चच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पाइप झाडला.

नोएमीने डोळे मिटून दार आत ओढलं. आणि अख्ख्या गावाने पाहिलं: दार फिरलं तशी दारातली गाय फिरली. तिने आधी मान वळवली, मग खांदा, मग लाल तुऱ्यासकट ती बाजूला सरकत गेली आणि नाहीशी झाली.

"वळली," बाजील काका म्हणाले.

टाळ्या अशा पडल्या की जर्मन बाईनेही काही न कळता वाजवल्या. पण हरलेलीला चार पावलं पळवून लावल्याशिवाय बारोनचं समाधान कधीच झालं नव्हतं. ती मान खाली घालून सरळ दारातून आत शिरली.

नोएमी मागच्या दाराने चौकात पळाली आणि पळणारं माणूस करतं तसं दार उघडंच टाकून गेली. आत किल्ल्यांची, हिमनद्यांची, रोमन पुलांची माहितीपत्रकं मांडलेली होती. खोऱ्यातली सगळी प्रेक्षणीय स्थळं बारोनने एका फेरीत पाहिली. अनसेल्मो तिच्यामागे "सावकाश, सावकाश" करत धावला. टेबल आडवं झालं, भिंतीवरचा प्रदेशाचा भलामोठा नकाशा शिंगात आला, आणि मागच्या दारातून ती उजेडात निघाली. समोर चौक होता. चौकात हौद होता. चर्चमागून पेर्लची घंटा ऐकू येत होती, पण पेर्ल अजून दिसत नव्हती.

बारोन हौदापाशी गेली. तिने पाण्यात पाहिलं आणि ती थबकली. मान खाली घातली. खुराने फरशी खरवडली.

पाण्यात तीच बया होती. आता तिच्या शिंगात नकाशासुद्धा होता.

"नाही," अनसेल्मो म्हणाला. "नाही, बारोन, नाही."

चर्चच्या कोपऱ्यावर फिर्मिनो दिसला. त्यानेही बारोनला पाहिलं, आणि ती पीत नाहीये हेही पाहिलं. जन्मात कधी न धावलेला फिर्मिनो धावायला लागला. अनसेल्मोने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग जाकिटासकट दोन्ही हात कोपरापर्यंत हौदात बुडवले आणि खळाखळा चोळले. पाणी हिंदकळलं, पाण्यातल्या गाईचे तुकडे तुकडे झाले आणि तिच्या शिंगांचा पत्ता लागेना. बारोनने एकदा हुंकार दिला. मग तोंड घातलं आणि प्यायला लागली. पेर्ल पोचली तेव्हा ती अजून पीतच होती.

"हात घातला," फिर्मिनो धापा टाकत म्हणाला. "काका, याने मध्ये हात घातला. मी पाहिलंय."

बाजील काका मागच्या दारातून, माहितीपत्रकं ओलांडत, बाहेर आले होते. "घातलास का रे हात?"

"धुतले," अनसेल्मो म्हणाला. "कालपासून व्हिनेगरचा वास जात नाहीये. बघा हवं तर."

काकांनी त्याचे ओले हात नाकाशी नेले. बराच वेळ हुंगले. "येतोय," ते म्हणाले, आणि घंटा आणायला माणूस पाठवला.

त्या नाताळला जेवण अनसेल्मोच्या घरी झालं. भिंतीवर एकच घंटा होती आणि तिच्यासमोर एकच खुर्ची ठेवली होती. फिर्मिनो त्या खुर्चीत बसला आणि घंटेकडे बघत जेवला. ओत्तावियाला भावाची दया आली, पण खुर्ची हलवण्याइतकी नाही.

पुढल्या जूनमध्ये बारोनने पुन्हा सगळ्यांना वाटेला लावलं. सप्टेंबरात, उतरणीच्या आदल्या दिवशी, ओत्ताविया भावाकडे जेवायला गेली. कोशिंबीर पुढ्यात आली. तिने व्हिनेगर मागितलं.

"काल तर नवी बाटली आणली होती," वहिनी फडताळ धुंडाळत म्हणाली. "आणि हा माणूस तरी कुठं गेलाय, शिडी घेऊन?"

ओत्तावियाने कोशिंबिरीवर लिंबू पिळलं, ती पोटभर जेवली, आणि घरी जाताना नोएमीच्या घराच्या दारात क्षणभर थांबली.

"उद्या सकाळी केंद्रावर लवकर जा," ती म्हणाली. "आणि दोन्ही दारं आधीपासूनच उघडी ठेव. टेबल तेवढं बाजूला घे."