ब्लँकेटातला बर्फ

"बर्फाचं पाणी, पाण्याची वाफ! तिन्ही अवस्था साहेबांच्या डोळ्यांसमोर नाही दाखवल्या, तर नाव लावणार नाही!" विज्ञानाच्या मास्तरांनी शिक्षकखोलीत टेबलावर मूठ आपटली, आणि तीन कप चहा सांडला. त्यांना तरी दोष कसा द्यावा? अकरा वर्षं पर्यवेक्षकपदाची वाट बघून डोळे शिणले होते बिचाऱ्यांचे! तपासणीसाहेबांचा शेरा चांगला पडला, की ती खुर्ची त्यांचीच होती.

तपासणीच्या दिवशी सकाळी ते प्रयोगशाळेत आले आणि किंचाळलेच. शिपाईमामांनी बर्फाचा तुकडा चक्क ब्लँकेटात गुंडाळून ठेवला होता!

"अहो मामा, बर्फाला काय हुडहुडी भरलीय?"

"मास्तर, बारा वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढलीत मी. राहू द्या तसंच."

"मला विज्ञान शिकवता? ब्लँकेट ऊब देतं! ऊब म्हणजे उष्णता! काढा ते आधी!"

मामांनी काढलं. पण तेवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले! त्यांनी बर्फ परातीत ठेवला आणि वरचा पंखा पाचावर सोडला. "आपल्याला गार वाटतं, मग बर्फाला वाटायला काय झालं?"

मामांनी कपाळाला हात लावला आणि ते घंटा द्यायला गेले. मास्तरही तासाला गेले.

साहेब यायचे अकराला, उगवले दोनला! मास्तर त्यांना आणि अख्ख्या सातवीला घेऊन ऐटीत प्रयोगशाळेत शिरले. परातीत पाणी, टेबलावर पाणी, आणि मधोमध गोटीएवढा बर्फ शेवटच्या घटका मोजतोय!

"हा तुमचा बर्फ?"

"सर, स्थायूचं द्रवात रूपांतर... आत्ताच झालं!" मास्तरांना दरदरून घाम फुटला.

"पण एवढं लवकर कसं झालं?"

मास्तर वरच्या पंख्याकडे बघायला लागले. दारातून मामाच बोलले, "साहेब, ब्लँकेट स्वतः कुठं गरम असतं? ते आतली ऊब बाहेर सोडत नाही, तशी बाहेरची आत घेत नाही. आणि पंखा तर बर्फावर सारखी नवी नवी गरम हवा आणून ओततो!"

सातवीने कडाडून टाळ्या वाजवल्या. साहेबांनीसुद्धा!

पर्यवेक्षकपद चित्रकलेच्या बाईंना गेलं. साहेबांचा शेरा वाचून मुख्याध्यापिकाबाईंनी आठवड्यातला एक तास मामांना दिला आणि मास्तरांना 'सोबत बसा' म्हणून सांगितलं.

पहिल्याच तासाला मास्तर शेवटच्या बाकावरून म्हणाले, "अहो मामा, पण मग वाफेचं..."

मामांनी खडू खाली ठेवला. "आधी हात वर करायचा!"