दामूअण्णांची तिरपी ओळ

आमच्या अलिबागेत त्या काळी लग्न कुणाच्याही घरचं असो, पत्रिकेच्या तळाशी इंग्रजीत एक तिरपी ओळ असायचीच. यजमानाने ती मागितलेली नसायची, पाहुण्यांना ती वाचता यायची नाही. ती दामूअण्णांची हौस. गावात छापखाना त्यांचाच, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

मुंबईच्या एका बुडालेल्या छापखान्याच्या लिलावात त्यांना इटालिक, म्हणजे तिरप्या इंग्रजी अक्षरांच्या, टाइपाची एक पेटी मिळाली होती. रेवसच्या धक्क्यावर बोटीतून उतरताना त्यांनी हमालाला तिला हात लावू दिला नाही. शिशाचं ते धूड स्वतः छातीशी धरून उतरले आणि थेट चिखलात बसले. पेटी मात्र डोक्याच्या वर! तेव्हापासून हा माणूस इटालिकचा झाला. "सरळ रोमन म्हणजे नुसता हवालदार," ते म्हणत. "उभा राहून हुकूम सोडतो. इटालिक कसं, विनंती करतं."

मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून प्रुफं तपासायला मला बोलावणं यायचं. काम संपवून उठलो की अण्णा हात धरून पुन्हा बसवत. "गुरुजी, हा एफ बघा. वर मान लववतो, खाली पाय लांबवतो. आहे का ही ऐट त्या हवालदारात?" मी "छे छे" म्हणायचो. दुसरं काही म्हटलं असतं तर चहा लांबला असता.

एकदा थळचा एक नाखवा पोराच्या लग्नाची पत्रिका न्यायला आला. खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "अन्ना, ह्ये काय लिवलंय?"

"लोभ असावा, असं लिहिलंय."

"मंग ह्ये वाकलंय कशापायी?"

"पाहुण्यांना नमस्कार करतंय."

"मंग र्‍हाऊंद्या तसंच," नाखवा म्हणाला. "आमचा पोरगा तर कुनाफुडं वाकायचा न्हाय."

पुढे अण्णांना वाटलं, मराठीनेच काय घोडं मारलंय? सत्यनारायणाच्या एका पत्रिकेचे अक्षरांचे खिळे त्यांनी खाली पुठ्ठ्याच्या पाचरी मारून तिरपे बसवले. छापून आलं तेव्हा शिरोरेषेच्या पायऱ्या झाल्या होत्या आणि सत्यनारायण जिना उतरत होता. अण्णांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "मराठीचा कणा ताठ आहे, गुरुजी. नाद सोडला." पण इंग्रजी ओळीचा नाद काही सुटला नाही.

मग त्यांच्या कुसुमचं लग्न ठरलं, पेणला. अण्णांची बायको कुसुम रांगत असतानाच गेली होती. पोरीला वाढवलं ते आक्कांनी, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीने. त्या बालविधवा. लाल आलवणातली ती बाई मी कधी ओटीवर आलेली पाहिली नाही. पत्रिकेत निमंत्रक म्हणून अण्णांनी आपल्या नावाखाली आक्कांचं नाव, 'यशोदाबाई', जुळवलं. व्याही प्रूफ बघायला आले आणि त्यांनी पेन्सिलने ते नाव खोडलं.

"अण्णा, मंगलकार्य आहे. विधवेचं नाव कसं चालेल? ही पत्रिका निघाली तर आम्ही मांडवात यायचो नाही."

एका स्वल्पविरामासाठी गिऱ्हाइकाशी तासभर भांडणाऱ्या या माणसाने त्या दिवशी खोडलेलं प्रूफ नुसतं घडी करून खिशात घातलं. आतून दाराआडून आक्काच म्हणाल्या, "दामू, काढून टाक रे. माझ्यापायी पोरीचं लग्न मोडायला नको."

अण्णांनी नाव काढलं. दुसरं प्रूफ व्याह्यांपुढे ठेवलं तेव्हा मीही तिथे होतो. तळाशी तिरपी ओळ होतीच. मी ती वाचली. लिहिलं होतं: वधूला जिने आईच्या मायेने वाढवलं, ती यशोदा आपल्याला आग्रहाचं बोलावणं करते.

"ही इंग्रजी नक्षी झकास हो!" व्याही म्हणाले. "काय म्हटलंय, गुरुजी?"

अण्णा पाठमोरे उभे राहून हाताची शाई पुसत होते. ती पुसली जाईना.

"आग्रहाचं बोलावणं आहे," मी म्हणालो. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"मग जरा ठळक करा की!"

अण्णांनी ती लगेच मोठ्या टाइपात केली आणि व्याह्यांनी ती पत्रिका पेणभर स्वतःच्या हाताने वाटली.

लग्न लागलं. आक्का चुलीमागच्या अंधारात बसून होत्या. पहिली पंगत बसायच्या वेळी वराकडचे एक वकील, हातात पत्रिका घेऊन, बायकोसह मागच्या दाराशी आले. "आम्हाला यशोदाबाईंनी बोलावलंय," ते अण्णांना हळूच म्हणाले. "त्यांना नमस्कार केल्याशिवाय पानावर कसं बसायचं?"

अण्णांनी आत चुलीकडे बोट दाखवलं आणि ते तडक परसात गेले. विहिरीच्या कठड्याला धरून त्यांना लहान पोरासारखं रडताना मी पाहिलं. मलाही राहवलं नाही.

मागच्या दारातून आत दिसलं, वकील आणि त्यांची बायको वाकून नमस्कार करत होते. आक्कांनी घाबरून पाय मागे घेतले. कुठल्याच लग्नात त्यांना कुणी असं शोधत आलं नव्हतं. मग त्यांनी पदर सारखा केला, गळा साफ केला आणि म्हणाल्या,

"जेवल्याशिवाय जायचं नाही हं."