पाठीमागची खुर्ची

गावंडेभाऊंची गिटार ऐकायची असेल तर त्यांच्या पाठीमागे बसावं लागतं. समोर सोफा आहे, चांगला गुबगुबीत आहे, पण त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी बसते. पाहुण्यासाठी भाऊंच्या मागे, भिंतीला टेकवून, एक लाकडी खुर्ची मांडलेली असते. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी रद्दी सरकवून सोफ्यावर जागा करू लागलो, तर भाऊ म्हणाले, "तिकडं नाई गा, मांगं बस. तोंड काय पाह्यतं माहं? पाठ पाह्य."

तेव्हापासून मी त्यांची पाठ पाहतो आहे. मला वाटतं मी संगीत ऐकतो. भाऊंच्या मते मी ड्यूटी करतो. उजवा खांदा वर चढला, मान पुढे आली, पोक निघालं, की ओरडायचं. मी स्वतः ऑफिसात स्वल्पविरामासारखा बसतो, हे माझी बायको शीला लग्नापासून सांगत आली आहे. शिवाय गाणं रंगलं की माझे डोळे मिटतात. मध्येच जाग आल्यासारखा मी "भाऊ, खांदा!" म्हणतो, भाऊ दचकतात, सूर चुकतो, आणि मग दोघांनाही चहा लागतो.

भाऊ आमचे शेजारी. दोन घरांत एकच भिंत. दोन वर्षांपूर्वी पुष्पावहिनी गेल्या, तेव्हापासून घरात एकटेच. वहिनी होत्या तोवर त्यांची गिटार मला भिंतीपलीकडूनच ऐकू यायची. आत जाण्याची कधी वेळ आली नव्हती. जन्माची नोकरी शहराबाहेर वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार, असा भाऊंचा संसार. निवृत्तीनंतरही त्यांच्या बोलण्यातून गोदाम निघालं नाही. "एका बाजूनं माल भरला का ट्रक कलंडते," ते सांगतात. "माणूस कलंडत नाई, नुसता दुखत राह्यते. एवढाच फरक."

त्यांची गिटार भरीव लाकडाची, काळपट लाल. गोदामात असताना त्यांनी ती ट्रक तोलायच्या काट्यावर ठेवून पाहिली. काट्यानं दखलच घेतली नाही. मग किराणावाल्याकडे नेली. "चार किलो कांदे अन् वरून सांबाराची जुडी," भाऊ म्हणतात (सांबार म्हणजे त्यांची कोथिंबीर), "एवढा माल गळ्यात घालून मी वऱ्हाड्यांसमोर उभा राह्यलो. मान काय दगडाची हाय?"

नव्हतीच. मागच्या उन्हाळ्यात ती अशी धरली की भाऊ शेजारच्या घराकडे पाहायला अख्खेच वळायचे. हाताला मुंग्या यायला लागल्या. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं व्यायाम शिकवले आणि वर बजावलं, "काका, पोक काढून वाजवाल आणि मान परत धरली, तर गिटार खुंटीला."

भाऊंनी ते मनावर घेतलं, आणि मग सगळ्या कॉलनीला घ्यावं लागलं. गोदामात माल बांधायचा रुंद पट्टा त्यांनी गिटारीला लावला, गांधीबागेच्या बाजारातून जाड सुती कापड आणून आतून गादी शिवून घेतली. गिटार छातीशी, उंच. "आजकालचे पोट्टे घुडघ्यापर्यंत लोंबवून राहिले, पाहूनच मले चमक भरते." गाणं संपलं की गिटार स्टँडवर, दोन्ही खांदे गोल फिरवायचे. बोटांकडे पाहायचं नाही. "बोटं कुठं पळून जातेत का?"

मी ऑफिसला निघालो की ते फाटकात उभे. "बॅग एकाच खांद्यावर काहून गा? तिरपी घाल. पट्टा आखूड कर." ते स्वतःच आखूड करतात, आणि मी पिशवी बगलेत दाबलेल्या कोंबडीसारखी घेऊन बसस्टॉपवर जातो. परवा एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या गळ्यातले हार मोजून दोन काढून घेतले. नवरदेव बिचारा आभारी दिसला. सासरे तसे दिसले नाहीत.

यंदा कॉलनीच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात भाऊंनी वाजवायचं कबूल केलं. मान धरल्यानंतर पहिल्यांदाच, आणि तेही उभ्यानं.

"बसून वाजवा ना," मी म्हणालो.

"स्टेजवर मी कधी बसलो नाई. एक डाव उभ्यानं पाह्यतो. मानेनं धोका देल्ला, त त्या पोरीचं ऐकतो. टांगून टाकतो." मग जरा थांबून, "तू मांगं बसजो. पडद्याजवळ."

घरी येऊन मी कुरकुरलो. समोर सगळे तिळगूळ खात बसणार आणि मी पडद्याला चिकटून. शीला तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ते खुर्ची कोणाची हाय माहीत हाय का तुम्हाले?"

"भाऊंची."

"वहिनीची. भाऊ वाजवायचे, अन् वहिनी मांगं बसून शेंगा सोलायच्या. भाऊ वाकले का एक शेंग पाठीवर. तोंडानं कधी बोलल्या नाई. गाणं चालू असताना बोलून त्याले काहून तोडायचं, म्हणायच्या."

"आणि नेम?"

"मी त पाह्यला नाई चुकलेला."

कार्यक्रमाला निघताना शीलानं माझ्या कुडत्याच्या खिशात मूठभर शेंगा टाकल्या.

पहिली दोन गाणी छान झाली. तिसरं लांबलचक होतं. मध्यावर भाऊंचा उजवा खांदा वर सरकू लागला, मान पुढे, पाठीला हळूहळू गोलाई. डाव्या हाताची बोटं त्यांनी एकदा झटकली. मुंग्या. मी "भाऊ" म्हणालो, पण स्पीकरपुढे माझं कोण ऐकतं.

खिशात हात घातला. पहिली शेंग कीबोर्डवाल्या देशमुखांच्या टकलावर बसली. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. दुसरी पडद्यात गेली. तिसरी भाऊंच्या दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये लागली.

भाऊंचा हात थांबला. एक ठेका रिकामा गेला. मग खांदा खाली आला, मान सरळ झाली, आणि गाणं पुढे निघालं. त्यांनी वळून पाहिलं नाही. शेवटपर्यंत पाठ ताठ होती.

टाळ्या संपल्यावर गिटार स्टँडवर ठेवून ते आत आले. मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. फिरली. मग स्टेजवरून उचललेली शेंग त्यांनी माझ्यासमोर सोलली, दोन दाणे मला दिले, दोन तोंडात टाकले.

"नेम कच्चा हाय तुहा," म्हणाले, आणि चष्मा पुसायला पडद्याकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले.

चार-आठ दिवसांनी गेलो. सोफ्यावर रद्दी होतीच. लाकडी खुर्चीवर मात्र एक सूप ठेवलेलं, तुरीच्या शेंगांनी भरलेलं. मी ते मांडीवर घेऊन बसलो आणि सोलायला लागलो. भाऊंनी पट्टा गळ्यात घातला, गिटार छातीशी घेतली, दोन ओळी अगदी ताठ वाजवल्या.

मग त्यांनी उजवा खांदा हळूच वर केला, आणि वाट पाहत राहिले.